नखावरची शाई

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. आठवीतच शाळा सुटली, म्हणून साधंच लिहितो.

रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते. वहिनी धानाच्या बांधीत जाताना म्हणाली, "भाऊजी, नर्सबाई आली त सांगजा, पोराचा डोज झाला. आता सुई कायले? मांगं सुईनं दोन दिवस तापला होता."

नर्सबाई आल्या. मी नऊ महिन्यांच्या पुतण्याचं बोट दाखवलं. नखावर शाई होती.

"अरे, ही पोलिओची. गोवराची सुई वेगळी रायते. जा, वहिनीला बोलाव."

बांधीत गावच्या साऱ्या बाया होत्या. त्यांच्यासमोर जायची मला लाज वाटली. "ती नाही म्हणते," एवढंच बोललो. बाई निघून गेल्या.

महिनाभरात पोराला गोवर निघाला. आईनं दाराला कडुनिंब बांधला. "माता आली हाये, दवाखाना नोको," म्हणाली. आठव्या दिवशी पोरगा गेला.

वहिनीनं त्याचं बोट धरून मला विचारलं, "भाऊजी, शाई त अजून हाये ना! मंग कसा गेला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हापशीवर गेलो, आणि पाणी भरणाऱ्या बायांना, मान खाली घालून, नर्सबाईंना मीच परत पाठवल्याचं सांगितलं.