लोंबणारं टोक

कंपनीच्या बसमध्ये पॅकिंगच्या सुपरवायझरबाई खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. मागच्या सीटवर नेटवर्कवाला आणि इलेक्ट्रिशियन येऊन टेकले. पुढे कोण बसलंय, हे दोघांनीही पाहिलं नाही.

“आज परत अख्खी लाइन बंद पडली. हा घातपात नाही तर काय!” नेटवर्कवाला म्हणाला.

“सगळी मशीन जोडणारा तुझा तो स्विच बिघडला असेल रे.”

“स्विच ठणठणीत आहे. माझी टेस्टिंगची वायर असते ना, एक टोक स्विचमध्ये आणि दुसरं लॅपटॉपसाठी मोकळं लोंबत ठेवलेलं? ते मोकळं टोक कुणीतरी त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खुपसलं होतं.”

“त्यानं काय होतं?”

“तोच तो मेसेज गोल गोल फिरत बसतो. मशीनना एकमेकांचं काही ऐकूच येत नाही.”

“स्विचला कळत नाही?”

“कळतं. पण ती सोय मीच बंद केलीय, मशीन सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून. बाहेरच्याला हे कुठून माहीत असणार? माणूस आतलाच आहे.”

“स्विच ठेवलाय त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?”

“पॅकिंगच्या बाईंकडे.”

“छे! त्या कशाला करतील? त्यांना तर साधा पसारासुद्धा खपत नाही.”

“असल्या नीटनेटक्या माणसांचाच मला जास्त संशय येतो. उद्या साहेबांच्या कानावर घालतोच.”

बाईंनी डोळे उघडले. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लोंबत होता, म्हणून बसल्या बसल्या त्यांनी तो बकलमध्ये अडकवून टाकला होता. आता आवाज होऊ न देता त्यांनी तो सोडवला, आणि होता तसा लोंबत ठेवला.