पडलेल्या गल्लीची तालीम

...आणि म्हणे गल्ली आपोआप बसली! अहो, आपोआप कुठली? आम्हीच बसवली, तीही चार दिवस तालीम करून! तुम्हाला सांगते, मी एरवी बोलत नाही. वर्गात माझी हजेरीसुद्धा बाईंना दोनदा विचारावी लागते... पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक हॉल आहे, आणि त्याच्या समोर आईचं शिवणाचं दुकान. त्या हॉलमध्ये दोन वर्षं नाटकवाले तालमी करायचे. राजाचा अंगरखा, राणीचा घेर, चोराचा फाटका सदरा (तो मुद्दाम नीट फाडावा लागतो!), सगळं आईच्या मशीनवर. सिंहासन सुतारमामांचं, दाढ्यामिशा सलूनवाल्या काकांच्या, आणि चहावाली मावशी तर किटली खाली ठेवायचीच नाही. तालीम बघायला लोक यायचे, येता येता मोडकी खुर्ची मामांकडे टाकायचे, जाता जाता केस कापून घ्यायचे... आणि मी? मी पडद्यामागे पुस्तक धरून बसायचे आणि विसरलेली वाक्यं कुजबुजायचे. कुजबुजणाऱ्या मुलीची कुणाला तरी गरज होती हो! राणी होणारी ताई म्हणायची, "ही नसली तर मी मुकी!" ते दिवस तुम्ही पाहायला हवे होते!

मग काय झालं? गल्ली गजबजली नाटकवाल्यांमुळे, ते बघून हॉलमालकांनी भाडं वाढवलं, ते कुणाचं? नाटकवाल्यांचंच! गेले बिचारे. हॉलला कुलूप लागलं आणि त्यांच्यामागून गिऱ्हाईकही गेलं. मावशी एकच कप चहा करून स्वतःच प्यायला लागली. आई ओठांत टाचणी धरून रस्त्याकडे बघत बसायची. शिवायला काही नाही तर टाचणी कशाला, असं मी विचारलं नाही... ते दिवस तुम्ही पाहायला हवे होते, हे नव्हेत!

आणि एक दिवस नाटकवाल्यांच्या दाढीवाल्या दिग्दर्शकांचा निरोप आला, 'मालक भाडं उतरवत असतील तर उद्या येतो.' मालक म्हणाले, "रविवारी गल्ली बघतो, मग ठरवतो."

झालं! सुतारमामा स्टुलावरच चढले. "दैना दाखवू या! दैना दिसली की भाडं उतरेल."

आई म्हणाली, "अहो, दैना आहेच की!"

"आहे, पण दिसते कुठे, ताई? दुकानं कशी झाडलेली, पुसलेली! खरं दुःख मागच्या रांगेपर्यंत पोचत नसतं!"

दोन वर्षं तालमी ऐकल्या होत्या ना, सगळेच नट! रविवारी आईने अर्धं शटर ओढलं, काका स्वतःच्याच खुर्चीत टॉवेल पांघरून पडले, आणि मामा असे खोकले, असे खोकले, की मलाच वाटलं आता डॉक्टर बोलवावा. मी शटरमागे वाक्यांची वही घेऊन उभी. मालक शेजारी उभ्या मावशीपुढे आले आणि मावशी वाक्य विसरली! मी कुजबुजले, "दूध..."

"दूध नासलं हो मालक! गिऱ्हाईकाची वाट बघून बघून नासलं!" आणि तिने असा हुंदका दिला... तो लिहिलेला नव्हता.

मालकांनी डोळे पुसले. खरंच पुसले! आता उतरणार भाडं, आता येणार सगळे...

"अरेरे," मालक म्हणाले, "अशा ओसाड जागी त्या कलावंतांना आणू? पाप लागेल मला! त्यांना माझा स्टेशनपलीकडचा हॉल देतो, अर्ध्या भाड्यात."

दिलासुद्धा! गेल्या आठवड्यात आई आणि मी तिकडे तालीम बघायला गेलो. रस्ताभर माणसं. नवा चहावाला, नवा शिंपी, त्याच्या दारात रांग. दाढीवाले दिग्दर्शक प्रेमाने म्हणाले, "येत जा गं अधूनमधून!" पुस्तक धरून दुसरीच मुलगी बसली होती. खणखणीत आवाजाची.

परतताना बसमध्ये आई उसासा टाकून म्हणाली, "त्या दिवशी सगळ्यांचीच कामं फार चांगली झाली गं. एखाद्याचं तरी फसायला हवं होतं."