मॉरिसच्या गाडीखान्यातले पाहुणे

खोटं बोलत असेन तर जीभ झडेल माझी, मंडळी, हे सगळं मी या दोन डोळ्यांनी पाहिलंय... म्हणजे, त्या दिवशी मी कल्याणला होतो, पण ते सोडा! आमच्या मॉरिसला काही अक्कल? ठाण्याच्या कचेरीतला कारकून, टेंभी नाक्याजवळ घर, घरामागे गाडीखाना, त्यात एक छकडा आणि तो ओढणारा तांबडा बैल. कचेरीत हेडकारकुनाची जागा रिकामी झालेली, आणि साहेब निघालेला सहा महिन्यांसाठी विलायतेला. "मॉरिस, आमची दोन कुत्री कोण सांभाळेल?" एवढं साहेबाने विचारलं मात्र, हा असा वाकला की कपाळ टेबलावर आपटलं! आता जागा आपलीच, म्हणे!

मडमेने हुकूम सोडला. कुत्र्यांना रात्री वारा नको, ओल नको, डास नकोत. ठाण्यात डास नकोत! अहो, इथले डास निजलेला माणूस उचलून तळ्यात नेऊन ठेवतात! पण मॉरिसने छकडा उन्हात काढला, भिंतींची भोकं लिंपली, जमीन स्वतःच्या हाताने सारवली... ज्याने जन्मात स्वतःचा तांब्या विसळला नाही त्याने! आणि कुणासाठी? कुत्र्यांसाठी!

पुढे ऐका. तांबड्यासाठी साठवलेला वर्षाचा पेंढा, सगळा हं, एक काडी न ठेवता, गोणपाटात भरून हातभर जाड गादी केली. तांबडा बाहेर अंगणात, उपाशी. गादीवर मच्छरदाणी, ती कुणाची? बायकोची, माहेरून आणलेली! आणि कुणासाठी? कुत्र्यांसाठी!

बायको फेलिशिया कमरेवर हात ठेवून दारात. "अवो, मी नवी नवरी आले तेव्हा फाटकी चटई टाकलीत! बाळंतपणात गादी मागितली तर म्हणालात, जमीन थंड असते, बरं वाटतं!"

"अगं, हेडकारकुनाची बायको होशील!"

"आधी कुत्र्यांची मोलकरीण तर होऊ द्या!"

आता तुम्हाला सांगतो, संध्याकाळी कुत्री आली, त्या गादीवर निजवली, आणि उजाडता उजाडता फेलिशियाच्या मानेला काहीतरी टोचलं. "सरका तिकडे, दाढी करायला काय झालं?" उत्तर आलं, "भॉ!" दोन्ही कुत्री तिच्या अंथरुणात आणि मॉरिस ढकलला गेलेला जमिनीवर! धावत गाडीखान्यात जातो तर तांबडा दावं तोडून आत, डोक्यावर मच्छरदाणी, देवळात पाद्रीसमोर जाळी घेऊन लग्नाला उभ्या नवरीसारखा, आणि गादी? अर्धी पोटात, उरलेली तोंडात! त्याचं काय चुकलं? बैलाचं जेवण बैलासमोर अंथरायचं आणि वर म्हणायचं, ही गादी? सात पिढ्या भातशेती केलेल्या घरातला माणूस हा! पण डोक्यात काय? कुत्री!

इतक्यात साहेब आणि मडम हजर, कुत्र्यांचा निरोप घ्यायला. मडम सरळ घरात शिरली, बघते तर कुत्री फेलिशियाचं पांघरूण घेऊन घोरतायत. मडमेचे डोळे भरले. "मॉरिस! तू आपलं अंथरूण दिलं!" साहेबाने पाठ थोपटली आणि उभ्या जागी त्याला हेडकारकून केलं.

बरं, असे बघू नका... ते हेडकारकुनाचं तेवढं मी बनवलं. साहेब म्हणाला, इतकी सुखात आहेत तर कायमची ठेव, आणि बोटीत बसला तो परतलाच नाही. जागा दुसऱ्यालाच गेली. बाकी अक्षर न् अक्षर खरं! गाडीखाना आजही लख्ख सारवलेला असतो. ओल नाही, वारा नाही. आणि तिथे निजतो कोण? मॉरिस! कुत्री घरात. त्याने गादी मागितली की फेलिशिया आतून सांगते, "जमीन थंड असते, बरं वाटतं!"