मेंढीची कलेजी आणि सालकीनबाईंचा तास

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे मुख्याध्यापक मुरातालीसाहेब, शिक्षण खात्याकडून एवढा घाट ओलांडून आलेले पाहुणे, व्यासपीठावरची गावातली पांढऱ्या दाढीची वडील मंडळी, ज्यांना आज आपण निरोप देतोय त्या आमच्या सालकीनबाई, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या आयाबाया, मुली आणि मुलं, तुम्हा सर्वांना उपेलचा सलाम.

मी शिक्षिका नाही. एकोणीस वर्षं या शाळेत उबेसाठी भट्टी पेटवते आणि फरशी पुसते. भाषणांच्या यादीत माझं नाव नव्हतं. बाईंनीच हट्ट धरला, उपेल बोलणार नसेल तर मी शाल घेणार नाही म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. साहेब, मी प्रयत्न करीन, पण वचन देत नाही.

बाईंनी सदतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. पहिल्यांदा त्यांनी मला आत बोलावलं ते कांद्यासाठी. कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवून त्यावर आयोडीनचा थेंब टाकला होता. म्हणाल्या, उपेल, झाडू ठेव आणि एक डोळा मिटून बघ. मी बघितलं. ओळीने रचलेल्या विटा, प्रत्येक विटेत एक ठिपका. जन्मभर मी कांदे सोलले, एकाही माणसाने मला सांगितलं नव्हतं की त्यात एवढं घर बांधलेलं आहे. मी विचारलं, माझ्या हातातही असंच आहे का? बाई म्हणाल्या, तुझ्या हातात, घोड्याच्या डोळ्यात, बटाट्याच्या पानात, सगळीकडे. त्या दिवसापासून भट्टीत घालायला दिलेली जुनी पाठ्यपुस्तकं मी घरी नेऊन वाचू लागले. पेशी वाचल्या. पानं उन्हात अन्न कशी करतात ते वाचलं. पचनाचं प्रकरण तर तीनदा वाचलं. पण वाचलेलं आणि कळलेलं यात किती अंतर असतं, ते मला पुढे कळलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. शरद ऋतू होता, आमच्याकडे पाहुण्यांसाठी मेंढी कापली होती. बाईंनी निरोप पाठवला, आतडी-पोट-कलेजी काही धुऊ नकोस, तशीच परातीत घालून शाळेत आण, आठवीला पचनसंस्था शिकवायची आहे. मी नेलं. मुलांनी ते आतडं ओढत ओढत वर्गाबाहेर नेलं, मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून, थेट जिन्यापर्यंत. पंचवीस मीटर भरलं. जरा जाड असलेल्या एका मुलाने विचारलं, माणसाचं केवढं असतं? बाई म्हणाल्या, तुझं सहा-सात मीटर असेल. मागून कोणीतरी म्हणालं, मग हा मेंढीपेक्षा जास्त कसा खातो? सगळे हसले, मीही हसले. पित्त कुठे तयार होतं हे दाखवायला बाईंनी कलेजी उचलली. तिच्यात अक्रोडाएवढा पांढरा फोड होता, पाण्याने भरलेला.

आता इथे बसलेल्या एकाही बाईला मी हा फोड समजावून सांगायला नको. कापलेल्या मेंढीत तो निघतोच. आपण काय करतो? तेवढा तुकडा कापतो आणि दारातल्या कुत्र्याला टाकतो. मी पुढे झाले, हात पुढे केला आणि म्हणाले, "द्या बाई, बाहेर कुत्रा बसलाय, त्याला घालते."

बाईंचा हात तिथेच थांबला. त्यांनी वर्गाला विचारलं, हा तुकडा कुणाकुणाच्या घरी कुत्र्याला घालतात? एकूण एक हात वर गेला. बाई फळ्याकडे वळल्या. एक मेंढी काढली, तिच्यातला फोड काढला, तिथून बाण कुत्र्याकडे. त्या फोडात बारीक किडे असतात, ते कुत्र्याच्या आतड्यात वाढतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून त्याच्या केसांवर येतात. कुत्र्यापासून बाण माणसाच्या हाताकडे. हातापासून कणकेकडे, कणकेपासून तोंडाकडे. शेवटी माणूस काढला आणि त्याच्या यकृतात तोच गोल फोड काढला. म्हणाल्या, तो वर्षानुवर्षं वाढत राहतो, दुखतही नाही. पण एखादा मार बसून आतल्या आत फुटला, तर माणूस तासाभरात जाऊ शकतो.

माझ्या हातात परात होती. ती कुणी काढून घेतली, मला आठवत नाही.

आमचे ओरोझबेक, माझा नवरा, नऊ वर्षांपूर्वी गेले. घोड्यावरून पडून, हे गावाला ठाऊक आहे. चढाची जागा नव्हती, घोडाही उधळला नव्हता. उतरताना पाय रिकिबीत अडकला आणि ते कुशीवर पडले. लहान मूल पडून उठेल एवढंच. उठून हसले सुद्धा. मग अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, आणि चहा निवायच्या आत संपलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं होतं, पोटात पाण्याचा फोड होता, तो फुटला. मला वाटलं, डोंगरातलं पाणी बाधलं. कुणी म्हणालं नजर लागली. मी तेही मानलं.

आमचा आक्तोश हा त्यांचा लाडका कुत्रा. प्रत्येक मेंढीमागे त्याचा वाटा मी काढून ठेवायची. त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि त्याच हाताने कणीक मळायला बसायची.

मुलं गेल्यावर मी वर्गात थांबले. बाईंना विचारलं, आमच्या घरी असंच झालं असेल का? त्यांना खोटं बोलता आलं असतं. माझ्याकडे बघून कुणीही खोटंच बोललं असतं. बाई म्हणाल्या, "हो उपेल, बहुतेक असंच झालं असणार. रडायचं असेल तर नंतर रड. आधी तुझ्या नातीला तपासायला ने."

दुसऱ्या दिवशी आम्ही बेगाइमला घेऊन शहरात गेलो, बाई सोबत होत्या. ती सहा वर्षांची होती. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिच्या यकृतात एक काळा गोल दिसला, जर्दाळूच्या बीएवढा. बिश्केकला ऑपरेशन झालं. आज ती दहा वर्षांची आहे, तिथे तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि माझ्याकडे बघून हसतेय, कारण आजी माइकवर बोलतेय याची तिला गंमत वाटते.

यासाठी बाईंचे आभार मानावेत आणि बसावं, असं मी ठरवून आले होते. पण ते अर्धंच झालं असतं. पोरीच्या ऑपरेशनची बातमी गावात पसरली तेव्हा लोक काय म्हणाले, ते तुम्हाला आठवत असेल. आई निष्काळजी आहे, पोरीचे हात धूत नाही, घर घाण ठेवते. विहिरीवर म्हणाले, लग्नाच्या पंगतीत म्हणाले. गुलसुन, आमची सून, तेव्हापासून पंगतीला जात नाही. मला खरं ठाऊक होतं. बाईंनाही ठाऊक होतं, पण ते सांगायचं की नाही हे त्यांनी माझ्यावरच सोडलं. आणि मी चार वर्षं गप्प बसले. नवऱ्याला माझ्या हाताने गमावलं हे मला स्वतःशीच म्हणवत नव्हतं, लोकांपुढे कसं म्हणणार? सून खाली मान घालून माझ्यासमोर चहा ठेवायची, मी प्यायचे.

बाई उद्या मुलीकडे राहायला जाताहेत. मग या गावात खरं जाणणारी मी एकटी उरेन, आणि मी स्वतःला ओळखते, मी गप्पच राहिले असते. म्हणून सगळ्यांसमोर सांगते. गुलसुन, तू काही केलं नाहीस बाळा. तुकडा मी टाकत होते. कणीक मी मळत होते.

सालकीनबाई, तुम्ही खरं सांगितलंत म्हणून पोरगी वाचली. मला तेच करायला चार वर्षं लागली. मुरातालीसाहेब, तुमची पाच मिनिटं केव्हाच संपली, तरी तुम्ही मला थांबवलं नाहीत. तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ही मंडळी पोटात घालतील, मला खात्री आहे. बाकीचं माफ करायचं की नाही, ते माझी सून ठरवेल. इथे नको. घरी, तिला वाटेल तेव्हा.