घमेल्याखालचं इंटरनेट

आमच्या वडवणीच्या मावशीचं ऐका बे. तिचा पोरगा जहाजावर कामाला हाय. तिथून फोन लागत न्हाई, निस्ता ईमेल येतो. घरात मोबाईलला रेंज न्हाई म्हणून मावशीनं ब्रॉडबँड घेतलं. पण पोरानं सांजच्याला धाडलेला मेल तिला सकाळीच मिळायचा. तवर जिवाला घोर. मी पासवर्ड बदलला, वायर बदलली, कंपनीवाल्याशी भांडलो. काहीच फरक न्हाई.

शेवटी एकदा दिवेलागणीलाच गेलो. बघतो तर काय, शेळीच्या करडांवर डालगं झाकत्यात तसं मावशीनं राऊटरवर लोखंडी घमेलं पालथं घातलेलं!

"मावशी, हे कावून झाकलंस गं?"

"दिवसभर डोळे मिचकावतंय बिचारं. जरा झोपू दे की."

"अगं, लोखंडातून मेल आत येत न्हाई!"

मावशीचं तोंडच उतरलं. "म्हंजी माजं लेकरू रातभर दारातच उभं ऱ्हायचं?"

मी घमेलं उचललं आन करडांचं फटीफटीचं बांबूचं डालगं राऊटरवर झाकलं. तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. पोराचाच मेल. मी मोठ्यानं वाचायला लागलो, तर मावशीनं डोळे पुसत ओठावर बोट ठिवलं.

"हळू वाच रं. ते झोपलंय."