यादीतलं सहावं सामान

(रुग्णवाहिकांची शेड, दुपार. गाडीचा मागचा दरवाजा उघडा.)

ड्रायव्हर: सगळं मीच करायचं. पुसायचं मी, उचलायचं मी, आणि वर गाडीही मीच चालवायची.

सिस्टर: ड्रायव्हर म्हणून घेतलंय तुम्हाला मामा, मग गाडी काय मी चालवू? कात्री कुठाय?

ड्रायव्हर: असेल इथेच.

सिस्टर: इथेच म्हणजे तुमच्या मिशीपाशी. जखमी माणसाचे कपडे कापायची कात्री आहे ती. परवा एकाची पँट कापायला घेतली, तर पात्यात तुमचे पांढरे केस.

ड्रायव्हर: पांढरे नव्हते. काळेच होते.

सिस्टर: कलप लावलेले होते. मोठ्या मापाचा मानेचा पट्टा?

ड्रायव्हर: माझ्या सीटमागे.

सिस्टर: मान मोडलेल्यांसाठी असतो तो, दुपारच्या डुलकीसाठी नसतो.

ड्रायव्हर: बसून झोपलं की मान लटकते हो. तीपण इमर्जन्सीच.

सिस्टर: ऑक्सिजन?

ड्रायव्हर: मोठा सिलिंडर भरलेला, छोटा अर्धा. चावी दोरीने बांधलीय, आता हरवून दाखवा म्हणावं.

सिस्टर: बीपीचं मशीन हे इथे आहे. शॉक द्यायचं मशीन?

ड्रायव्हर: हिरवा दिवा लागतोय.

सिस्टर: पुढचं...

ड्रायव्हर: त्याच्या पुढचं वाचा.

सिस्टर: मामा, सहावं हेच आहे.

ड्रायव्हर: मग सातवं वाचा. उद्या वरून तपासणीला माणसं येणार, साहेबांनी काय सांगितलंय ते लक्षात आहे ना? फळी विचारा. लांब फळी आहे, चकाचक आहे.

सिस्टर: असणारच. साहेब रोज तिच्यावर डबा खातात. पाठीचा कणा सांभाळायची फळी ती. तेवढी आमटी सांडल्याची नोंद करू का?

मुलगी: (शेडच्या दारातून आत येत) ऐकलंत का, पाच नंबरची गाडी हीच ना?

ड्रायव्हर: गाडीची तपासणी चाललीय ताई. इमर्जन्सी असेल तर फोन लावा.

मुलगी: तुमच्यासमोर उभी राहून तुम्हालाच फोन लावू?

ड्रायव्हर: म्हणजे... नियम आहे तसा.

मुलगी: इमर्जन्सी नाहीये. ती मंगळवारी होती. माझ्या वडिलांना नेलं होतंत. पाण्याच्या टाकीमागची इमारत, तिसरा मजला.

ड्रायव्हर: हां. लिफ्ट बंद होती. जिना अरुंद.

मुलगी: त्यांची कवळी राहिलीय. हॉस्पिटलवाले म्हणतात, आमच्याकडे दात आलेच नाहीत. असं बोलत होते, जणू मी चोरीचा माल विचारतेय.

सिस्टर: माझ्याकडे आहे. धुऊन ठेवलीय. मामा, वरच्या कप्प्यातली पांढरी डबी द्या.

मुलगी: मिळाली म्हणजे बरं झालं. आई रोज झोपताना त्यांच्या उशाशी पेल्यात पाणी ठेवायची, कवळीसाठी. बाबा जाऊन दोन दिवस झाले, अजून ठेवतेय. समजावून दमले. म्हटलं, त्यापेक्षा कवळीच आणून देते.

ड्रायव्हर: ही घ्या. नीट बघून घ्या ताई.

मुलगी: बघायचं काय, दुसऱ्या कुणाची बसते का? सिस्टर, काढली कशाला होती पण?

सिस्टर: उलटी झाली होती त्यांना. तेव्हा घसा मोकळा करायचा असतो. कवळी सुटून आत अडकू शकते.

मुलगी: मग झाला मोकळा?

ड्रायव्हर: आम्ही पराकाष्ठा केली ताई. पण काय आहे, आम्ही पोचलो तेव्हाच उशीर झालेला होता.

मुलगी: हो. डॉक्टरही तेच म्हणाले. तो उशीर मी केला.

ड्रायव्हर: छे छे, तसं नाही...

मुलगी: तसंच आहे. बाबा जेवणाच्या टेबलापाशी कोसळले, तोंड वाकडं झालं, आणि मी काय करत होते? त्यांची फाइल शोधत होते. मागच्या वेळी फाइल नेली नाही म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांदेखत झापलं होतं. कपाट उपसलं, गाद्या उलट्या केल्या. दहा मिनिटं. फाइल फ्रिजवर. मग तुम्हाला फोन. आईला वाटतं, मी लगेच केला. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडते आणि पाण्याचा तो पेला दिसतो.

ड्रायव्हर: असं मनाला लावून घेऊ नका. वरच्याचं बोलावणं आलं की आपण काय करणार?

मुलगी: वरच्याचं बोलावणं? मामा, तुमच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की तुम्ही बोलावणं परतवून लावता. जीवनदायी की काय ते.

ड्रायव्हर: ते पेंटरने लिहिलंय.

मुलगी: सिस्टर, तुम्ही त्या कागदातून मान वर काढत नाही. मघाशी लांबून ऐकत होते, तेव्हा चांगले टोमणे मारत होतात.

सिस्टर: यादी पुरी करायची आहे.

मुलगी: बघू? रोज भरता ही?

ड्रायव्हर: रोज म्हणजे रोज. एक दिवस चुकत नाही.

मुलगी: आज गुरुवार ना?

ड्रायव्हर: गुरुवार.

मुलगी: मग शनिवारच्या, रविवारच्या खुणा कुणी केल्या? गाडी पुढे जाऊन आली का?

ड्रायव्हर: ते सोमवारी एकदम करून टाकतो आम्ही. आठवड्याचं. सामान तेच, यादी तीच. पळून का जातंय ते?

मुलगी: मी शाळेत शिकवते मामा. उद्याची हजेरी आज लावणाऱ्या बाई आमच्याकडेही आहेत. त्यांच्या वर्गात गोवर आला तरी पोरं शंभर टक्के हजर. सगळ्यांपुढे खुणा आहेत, आणि हे सहावं, सक्शन मशीन. तपासणी चाललीय म्हणालात, पण मघाशी तेवढं गाळून पुढे गेलात. करतं काय हे?

ड्रायव्हर: ते... घशात काही अडकलं तर ओढून घेतं. उलटी, रक्त, असं. नळी घालायची, बटण दाबायचं.

मुलगी: मंगळवारी ओढलं?

ड्रायव्हर: सिस्टर, उद्या तपासणी आहे.

सिस्टर: ठाऊक आहे.

ड्रायव्हर: नोकरीचा प्रश्न आहे. तुमच्या निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत.

सिस्टर: तेही ठाऊक आहे. कालपासून तुम्ही तेवढंच सांगताय. नाही ओढलं. मशीन चार्ज नव्हतं. या शेडमध्ये धड प्लग एकच. उकडायला लागलं तसा तिथे साहेबांचा पंखा लागला.

ड्रायव्हर: वायर मी काढली होती. साहेब म्हणाले, दोन मिनिटांसाठी.

सिस्टर: आणि मामांनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, लावते नंतर. सोमवारी त्याच हाताने सात खुणा केल्या. बटण एकदाही दाबून पाहिलं नाही. ते पहिल्यांदा दाबलं तुमच्या वडिलांसाठी. मग बोटाला कापसाची पट्टी गुंडाळून घसा पुसत राहिले, हॉस्पिटलच्या दारापर्यंत.

मुलगी: ते वाचले असते?

सिस्टर: सांगता येत नाही. मेंदूचा झटका मोठा होता. ते वाचले असते असं म्हटलं तर खोटं, आणि नसते म्हटलं तरी खोटंच.

मुलगी: पण त्या दहा मिनिटांमुळे तर... डॉक्टर म्हणाले उशीर...

सिस्टर: डॉक्टरांना उशीर म्हणून मीच सांगितलं.

ड्रायव्हर: सिस्टर...

सिस्टर: थांबा मामा. बाई, मी तुमच्या घरात त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, तेव्हा श्वास व्यवस्थित चालला होता. माझा हात घट्ट धरून होते. तुम्ही आईला घेऊन मागून शेजाऱ्यांच्या गाडीने निघालात. उलटी त्यानंतर झाली, इथे आत, माझ्यासमोर. घरी जाऊन आईला काही कबूल करू नका. तुम्ही आम्हाला वेळेत बोलावलं होतं.