मला चालनारा कॅमेरा पायजे व्हता

आमचं माहेर मखमलाबादचं, गुलाबाचा मळा व्हता, बाप पहाटं फुलं तोडून नाशकात इकायला न्यायचा, आन मला दिली देवळाली कॅम्पात, फोटोवाल्याला. शेत नाय, मळा नाय, एक पत्र्याचं दुकान आन एक कॅमेरा, एवढ्यावर पोरगी दिली म्हनून चुलत्यांनी बापाला लय बोल लावला. पन काय सांगू ताई, मानूस लाखात एक व्हता. कॅमेरा त्यांचा जुना, दोन भिंगांचा, वरच्या भिंगातून आपुन बघायचं आन खालच्या भिंगातून फोटो निघायचा. गळ्यात अडकवायचा, पोटाशी धरायचा आन मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. त्या काचेत डावं ते उजवं दिसतं, मानूस इकडं सरकला की काचेत तिकडं सरकतो, पयल्यांदा मला गरगरलंच. मालक हसले, म्हनले, होईल सवय.

सवय अशी झाली की बायांचे फोटो मीच काढायला लागले. कॅम्पात मिलिटरीवाल्यांच्या बायका, नवरा कुठं लांब बर्फात, त्याला फोटो धाडायचा म्हनून यायच्या आन परक्या पुरुषासमोर लाकडासारख्या बसायच्या. मालकच म्हनले, तू काढ. या कॅमेऱ्याचं असं हाय ताई, तो डोळ्याला लावून समोरच्यावर रोखायचा नसतो, आपली मान खालीच राहती, त्यामुळं बाईला कोनी टक लावून बघतंय असं वाटत नाय, ती आपली बोलत राहती, पदर सारखा करती, हसती, आन तेवढ्यात आपुन फोटो काढायचा. बाया सांगून सांगून यायच्या, बाईच फोटो काढती म्हनून.

मग मालक काविळीनं गेले. मंगल माझी तवा शाळेत पन जात नव्हती. दहाव्याचे पाव्हने अजून घरात, आन धाकले दीर, ते इगतपुरीला रेल्वेत व्हते, त्यांनी खुंटीवरचा कॅमेरा काढला आन आपल्या पिशवीत घातला. मी म्हनलं, भावजी, हे काय? तर म्हने, वहिनी, दादाची वस्तू हाय, घरातल्या पुरुषाकडंच राहनार, तुम्हाला काय करायचाय कॅमेरा, तुम्ही पोरीकडं बघा. अन् सगळे पाव्हने गप. माझा सासरा गप, मामेसासरा गप, जाऊ खाली बघून ताटं उचलत व्हती. एकानंबी म्हनलं नाय की अरे, ती त्याच्यावर पोट भरती.

वर्षभर मी मळ्यात फुलं तोडली, भावाच्या घरी. कॅम्पातल्या बाया कुठं भेटल्या की विचारायच्या, बाई, दुकान कधी उघडता? मग एकदा भाऊ, आन्ना म्हनते मी त्याला, तो सांगत आला, सुमन, तुझ्या दिरानं कॅमेरा इकला, नाशकात मेनरोडच्या मागल्या बोळात जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान हाय, तिथं काचंत ठिवलाय, मी बघून आलो. दादाची वस्तू म्हनून नेला आन इकला! मी भाकरी थापत व्हते, ती तशीच तव्यावर करपली. म्हनलं, चल.

मंगळसूत्रातलं सोनं मोडलं मी त्यासाठी. आईनं तोंडाला पदर लावला, लोक काय म्हनतील. म्हनलं, गळ्यात घालायची तर तुम्हीच बंदी केली, मग डब्यात ठिवून त्याची पूजा करू का?

दुकानवाला शेठ आन्नाशीच बोलायला लागला. कॅमेरा मला घ्यायचा, उभी मी त्याच्यासमोर, आन तो आन्नाला म्हनतो, भाईसाब, बाईंसाठी छोटा ऑटोमॅटिक घ्या, बटन दाबलं की झालं, ये सब पुराना माल बाईमानसाला झेपत नाय. आन्नाला कॅमेरा कुठून उघडतात ते ठावं नाय, आन मान मात्र डोलवतोय! मी म्हनलं, शेठ, इकडं बघून बोला, घेनारी मी हाय. तो काचंतला काढा.

मालकांचाच व्हता. बाजूचं चामडं सुटलं व्हतं तिथं त्यांनी सायकलीच्या पंक्चरचं सोल्युशन लावून चिकटवलेलं, तो डाग मी ओळखला. मागचं झाकन उघडलं, भिंग उघडं केलं आन दाराच्या उजेडाकडं धरून बघितलं, तर खालच्या भिंगात पांढरं जाळं. बुरशी ताई, बुरशी! इगतपुरीचा पाऊस तुम्हाला ठाऊक हाय, तिथं चार महिने कपडे वाळत नाय, आन या मानसानं कॅमेरा पत्र्याखालच्या माळ्यावर टाकून दिलेला. मालक भिंग पुसायला स्वतःचं धुतलेलं मलमल ठेवायचे. शटर दाबलं, एका सेकंदाला लावून, तर ते उघडलं ते उघडंच राहिलं.

शेठ म्हने, शोकेससाठी मस्त हाय. आन आन्ना पन म्हनला, सुमन, घे हाच, त्यांची शेवटची आठवन हाय, देव्हाऱ्याशेजारी ठिव, हार घाल. मी भर दुकानात ओरडले. म्हनलं, हार घालायला त्यांचा फोटो हाय घरी, मला चालनारा कॅमेरा पायजे! तुम्हाला सगळ्यांना मी एका कोपऱ्यात हार घालत बसलेली पायजे, एवढंच ना?

मग तसाच दोन भिंगांचा दुसरा काढायला लावला. कोना पारशी म्हाताऱ्याचा व्हता म्हने, कोपऱ्याला चेपलेला, चामडं उडालेलं, दिसायला भिकार. पन भिंग निवळ. शटर कानाशी धरून हरेक स्पीडला वाजवलं, सावकाश स्पीडला पन नीट किरकिरत व्हतं. म्हनलं, रोल टाकून बघनार, फोटो धुनार, मग घेनार. शेठ म्हने, असं कोनी करत नाय. मी दुकानाच्या पायरीवर बसले. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडं बघायचं आन परत जायचं. शेवटी आन्नाची लुना तारन ठिवून शेठनं कॅमेरा एका दिवसापुरता दिला. मी बोळातच आन्नाला भिंतीशी उभा केला, त्याच्या शर्टाचं बटन काचेत साफ दिसंल असं भिंग फिरवलं, मग लांबच्या पाटीवर फिरवलं, सगळा रोल काढला. घरी न्हानीत अंधार करून धुतला. निगेटिव्ह उजेडात धरली तर बटनाची भोकं दिसत व्हती ताई. वरच्या भिंगात दिसलं तेच खालच्यानं धरलं व्हतं. दुसऱ्या दिवशी पैसे टाकले आन घेतला.

दीर आले भांडायला. दारात उभं राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं, दादाची आठवन बाजारात सोडून आलात, लाज वाटत नाय? म्हनलं, बाजारात नेली कोनी? बुरशी कोनी चढवली? त्यावर म्हने, बाईनं एवढं बोलू नये. मी दार लावून घेतलं. परत त्यांच्या घरची पायरी चढले नाय.

दुकान उघडलं, चाललं. बाया परत यायला लागल्या, पोरं कडेवर घेऊन. मंगलचं शिक्षन त्याच्यावर झालं.

लय वर्षांनी, डिजिटल आलं व्हतं तवा, जाऊ आली, एकटी, इगतपुरीहून पॅसेंजरनं. म्हने, जाऊबाई, माझा एकटीचा फोटो काढा, जिथं तिथं मी ह्यांच्या शेजारी, एकटीचा एक पन नाय. बसवली तिला. मान खाली घालून म्हनली, त्या दिवशी मला बोलायला पायजे व्हतं. मी म्हनलं, हो, पायजे व्हतं. राग आला, लय आला, तो तिच्यावरचा किती आन बाकीच्यांवरचा किती ते मला सांगता येनार नाय. मग म्हनलं, हनुवटी वर कर. फोटो चांगला आला तिचा. पहिल्यांदाच बघितलं मी, तिचे डोळे घारे हायेत.

आता रोल मिळत नाय, गुडघे पन चालत नाय. दुकान मंगल बघती, कॉम्प्युटरवर सगळं. जावई चांगला हाय, वाईट कशाला बोलू, तरी दुकान तिच्याच नावावर केलंय आन बजावलंय, चावी कोनाला द्यायची नाय, मला पन नाय. देवानं तिला आयुष्य द्यावं, धंद्याला बरकत द्यावी, आन तोंड द्यावं ताई. बाईला तोंड पायजे.